कॉम्प्युटर तापून बंद पडतो : मदरबोर्ड बदलण्याआधी घरी काय तपासावं?

हिशेबनीस | शनिवार, दुपारी ३:१०

मंडळी, मदत हवी आहे, आणि जरा घाईची आहे.

घरचा डेस्कटॉप पाच वर्षांचा. आय-फाइव्ह १०४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सकाळी मी त्यावर दोन-तीन दुकानांचे हिशेब टॅलीत लिहिते, तेव्हा गुणी बाळासारखा चालतो. दुपारनंतर लेक बसते, ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने रेंडर (आराखड्यावरून खऱ्यासारखं चित्र बनवायचं काम) लावलं की पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागतो आणि पाच-सात मिनिटांत सगळं काळं. लगेच चालू केला तर परत बंद. अर्धा तास तसाच ठेवला की पुन्हा शहाण्यासारखा सुरू.

काल एका दुकानात नेला. त्यांनी झाकण काढलं, आत हात लावून बघितला आणि म्हणाले, "मैडम, बोर्ड गया समझो, प्रोसेसर भी साथ में बदल लो।" १८ हजार सांगितले. कसलंही मोजमाप नाही. मी हिशेब लिहिणारी बाई, व्हाउचर बघितल्याशिवाय पैसे सोडवत नाहीत, तशीच परत घेऊन आले.

सबमिशन पुढच्या शुक्रवारी आहे. बदलावंच लागलं तर बदलू, पण त्याआधी घरच्या घरी काय बघता येईल? स्क्रू-ड्रायव्हर मला वापरता येतो.

पोहे_जलेबी | शनिवार, दुपारी ३:२२

ताई, टेन्शन नका घेऊ. दोन पंख्यांचा लिक्विड कूलर लावून टाका, विषय संपला. मी माझ्या गेमिंग पीसीला लावलाय, एकदम बर्फ.

रात्रपाळी | शनिवार, दुपारी ३:४०

भिया, तुझा विषय संपतो, ताईंचे सात-आठ हजार पण संपतात. आधी कळू तर दे काय झालंय.

ताई, एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम उतरवून घ्या. उघडताना फक्त सेन्सर दाखवा असा पर्याय येतो, तो निवडा. मोठी यादी दिसेल, घाबरू नका. त्यातल्या तीनच ओळी बघायच्या : प्रोसेसरचं तापमान, प्रत्येक कोअरचा वेग आणि थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यामुळे प्रोसेसरने स्वतःच वेग कमी करणं) यासमोर नाही लिहिलंय की हो. खाली लॉग सुरू करायचं बटण आहे, ते दाबून ठेवा. मशीन धाडकन बंद पडलं तरी शेवटच्या सेकंदापर्यंतचे आकडे फाइलमध्ये राहतात आणि ती फाइल एक्सेलमध्ये उघडते. हे तुम्हाला आवडेल.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं तापमान शोधत बसू नका, तिथे ते नसतं. तिथे एवढंच बघा, की काही काम चालू नसताना प्रोसेसर किती टक्के गुंतलेला दिसतो. रिकामा असताना ४०-५० टक्के दिसत असेल तर कुठला तरी प्रोग्रॅम लपूनछपून चालतोय, मग हा विषयच वेगळा होतो.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद सापडेल. दुकानदार लोक तेवढ्यावरून निदान सांगतात. ती नोंद एवढंच म्हणते की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. का झालं, ते तिलाही ठाऊक नसतं. लाइट गेली तरी तीच नोंद पडते.

जुना_सोल्डरवाला | शनिवार, दुपारी ४:०५

रात्रपाळीने सांगितलंय ते करा. एक भर घालतो. खोलीत भिंतीवरचा थर्मामीटर असेल तर तो कॉम्प्युटरशेजारी ठेवा आणि प्रत्येक आकड्यासमोर खोलीचा आकडा लिहा.

कारण सांगतो. प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालचे धातूचे पत्रे मिळून प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाहीत. त्यांच्या हातात एवढंच, की प्रोसेसर आणि खोली यांतला फरक कमी ठेवायचा. जानेवारीत आपल्या इंदुरात सकाळी खोली १६ अंशांवर असते, मे महिन्यात दुपारी ३८. म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना तेच मशीन मे मध्ये २२ अंश जास्त दाखवणार. लोक म्हणतात, "हिवाळ्यात चांगला होता, उन्हाळ्यात खराब झाला." खराब हिवाळ्यातच झालेला असतो, पण तेव्हा झाकून जातो.

म्हणून नुसतं "८५ आहे, चालेल का?" असं विचारू नका. फरक सांगा. तुमच्या प्रोसेसरची वरची हद्द १०० अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतो. तरीही उष्णता वाढतच राहिली तर वीज तोडून बंद पडतो. हा बिघाड नव्हे, बिघाडापासून वाचायची सोय आहे. अशा मशीनचा बोर्ड गेला असं हात लावून सांगणाऱ्याला माझा नमस्कार.

हिशेबनीस | शनिवार, संध्याकाळी ५:३०

आकडे घ्या. खोली ३७.

काही न करता : ६६, प्रोसेसर २ ते ४ टक्के गुंतलेला.
छोटं रेंडर लावल्यावर : १०० अंश, तेही आठ-दहा सेकंदांत! थ्रॉटलिंग हो. वेग ४.० गिगाहर्ट्झवरून २ च्या खाली उतरला.
सहाव्या मिनिटाला बंद. फाइलच्या शेवटच्या ओळीतही १०० च आहे.

४१ ची नोंद गेल्या महिन्यात अकरा वेळा. एक्सेलमध्ये आलेख काढला, सरळ भिंतीसारखा वर चढलाय.

ग्वाल्हेरी_तिखट | शनिवार, संध्याकाळी ६:१५

ताईंचं प्रकरण तापण्याचंच दिसतंय, पण इतर वाचकांसाठी माझा अनुभव लिहून ठेवतो. माझंही मशीन असंच धाडकन बंद व्हायचं. मी प्रोसेसर आणि पत्रे यांच्यामधली पेस्ट बदलली, दोन पंखे वाढवले, झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. मग कोणीतरी लॉग बघ म्हणालं. बंद पडतानाचं तापमान ६४! म्हणजे तापण्याशी काही संबंधच नव्हता. यूपीएसची बॅटरी मेलेली होती. व्होल्टेज जरा खाली गेलं की यूपीएस बॅटरीवर उडी मारायचा आणि तिथे काही नसायचंच. उन्हाळ्यात दुपारी सगळ्या गल्लीचे एसी लागतात तेव्हाच व्होल्टेज पडायचं, म्हणून मला वाटत राहिलं की उन्हामुळे होतंय.

यूपीएस काढून थेट भिंतीवरच्या स्विचबोर्डात लावलं, बंद पडणं थांबलं. तेव्हा शेवटच्या ओळीत तापमान साठ-सत्तर दिसलं तर यूपीएस किंवा पॉवर सप्लायकडे वळा. आणि पॉवर सप्लायचा डबा स्वतः उघडायचा नाही. वायर काढून ठेवली तरी आतले कपॅसिटर बराच वेळ करंट धरून असतात.

जुना_सोल्डरवाला | शनिवार, रात्री ८:२०

तिखटराव, लाख बोललात. पॉवर सप्लाय बदलायचा, उघडायचा नाही.

हिशेबनीसबाई, तुमचा आलेख बरंच बोलतोय. उष्णता कुठे अडते आहे ते ती किती वेगाने चढते यावरून कळतं. प्रोसेसरपासून पत्र्यांपर्यंतचा रस्ता ठीक असेल आणि मशीनच्या डब्यातली हवा कोंडत असेल, तर तापमान हळूहळू चढतं, पंधरा-वीस मिनिटं घेतं. आधी पत्रे तापतात, मग डबा, मग सगळंच. पण काही सेकंदांतच १०० गाठत असेल तर उष्णता पत्र्यांपर्यंत पोचतच नाहीये. नखाएवढ्या चिपवर ६५ वॉट सोडले आणि वाहून नेणारं कोणी नसेल, तर दुसरं काय होणार?

तुमच्याकडे मला दोन्ही गोष्टींचा वास येतोय. त्या वेगळ्या काढू. प्रश्न :

मशीन कुठे ठेवलंय? टेबलाच्या खणात का?
बाजूचं झाकण काढून तेच रेंडर लावलं तर आकडा किती येतो?
कूलर हलतो का?

हिशेबनीस | शनिवार, रात्री ८:४५

टेबलाच्या खालच्या खणातच आहे, "सीपीयूची जागा" म्हणून सुताराने बनवून दिलेला. मागे फळी, पुढे दार. दार लेक बंद करते, कारण आवाज येतो म्हणे.

कूलर हलत नाही, खिडकीत पक्का बसवलेला आहे. त्याची खस (वाळ्याची जाळी) मात्र यंदा बदलायची राहिली.

पोहे_जलेबी | शनिवार, रात्री ८:४८

😂😂😂 काका, बोला आता.

जुना_सोल्डरवाला | शनिवार, रात्री ९:००

चूक माझीच. मे महिन्यात इंदुरात "कूलर" म्हटल्यावर खसच आठवणार. मला प्रोसेसरच्या डोक्यावर बसलेला पंखा आणि पत्रे यांची जोडी म्हणायची होती. इथून पुढे मी तिला "टोपी" म्हणतो.

खिडकीतल्या कूलरचंही एक बोलून घेतो. कोरड्या हवेत तो खोली पाच-सात अंशांनी खाली आणतो, तेवढा फायदा प्रोसेसरला मिळतो. पण त्याच्या थेट झोतात मशीन ठेवू नका. दमट हवेत धूळ चिकट होते, पत्र्यांत जाऊन बसते आणि मग ब्रशनेही सुटत नाही.

उद्या मशीन खणाबाहेर काढा. वीत-दीड वीत मोकळी जागा चारी बाजूंनी. झाकण उघडून आकडे घ्या. टोपीला हात लावायच्या आधी वायर काढायची, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं.

राजवाड्यामागे | शनिवार, रात्री १०:३०

धूळ म्हणताय तर ऐका. आमचं घर गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) रस्त्याला लागून. रंगपंचमीला खिडक्या-दारं बंद करतो, कॉम्प्युटरवर चादर टाकतो. तरी गेल्या वर्षी मशीन उघडलं तर टोपीचे पत्रे गुलाबी! वर्षभर तो गुलाल पंख्याने आत ओढून जमवून ठेवलेला. २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत आपलं शहर पहिलं आलं, पण डब्याच्या आत महापालिका येत नाही.

गुलाल मैद्यासारखा बारीक असतो, पुढच्या जाळीतून आरामात आत शिरतो. मी आता पुढच्या पंख्यासमोर जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा लावतो आणि महिन्याला धुतो. अवांतराबद्दल क्षमस्व.

जुना_सोल्डरवाला | शनिवार, रात्री १०:४१

अवांतर नाही, कामाचंच आहे. मोज्याने हवा थोडी कमी होते, पण गुलाल परवडत नाही.

बडोद्याची_सून | रविवार, सकाळी ९:१०

मूळची इंदूरची, आता बडोद्यात. धाग्यात घुसतेय, माफ करा. माझा लॅपटॉप मांडीवर घेतला तर मांडी भाजते आणि पंखा सतत चालू. इथे तर हवा दमट. झाकण उघडायची हिंमत नाही. काय करू?

रात्रपाळी | रविवार, सकाळी ९:४०

ताई, पहिली गोष्ट : गोधडीवर, गादीवर ठेवून वापरताय का? बहुतेक लॅपटॉप हवा खालून ओढतात. कापसाने तोंड बंद केल्यासारखं होतं. एखादा लाकडी पाट घ्या, चौरंगही चालेल.

दुसरी : लॅपटॉपमध्ये धूळ पंख्यावर कमी आणि पंख्यापुढच्या बारीक पत्र्यांच्या तोंडाशी जास्त साठते, नमद्यासारखा थरच बसतो. बाहेरून फुंकून तो आणखी आत जातो. सर्व्हिसला द्या आणि सांगा की पंखा काढून मागचा थर साफ करा, नुसता ब्लोअर मारू नका.

तोवर तात्पुरता उपाय : विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्के असते. ती ९९ करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण त्याने टर्बो (काम वाढलं की मूळ वेगाच्या वर धावणं) बंद होतो आणि प्रोसेसर मूळ वेगावरच चालतो. दहा-पंधरा अंश सहज उतरतात. काही नव्या मशीनवर तो पर्याय लपवलेला असतो.

हिशेबनीसताई, सबमिशन अगदी डोक्यावर आलं तर तुम्हालाही हे चालेल. १०४०० चा मूळ वेग २.९ आहे. रेंडर सावकाश होईल, पण पूर्ण होईल.

हिशेबनीस | रविवार, दुपारी १:५०

खणाबाहेर काढला, झाकण उघडं. खोली परत ३७.

रिकामा : ५९ (काल ६६)
रेंडरला : वीसेक सेकंदांत १०० च. पण यावेळी बंद पडला नाही! वीस मिनिटं चालू होता. वेग २.६ च्या आसपास रखडत.

म्हणजे सुताराच्या खणाचं सात अंश देणं लागत होतं. दाराचे बिजागरच काढून टाकलेत. लेक नाराज आहे.

आतला फोटो चढवला आहे. पंखा आणि पत्रे यांच्या मध्ये जे राखाडी दिसतंय, ते पॅकिंग आहे असं मला वाटलं होतं.

जुना_सोल्डरवाला | रविवार, दुपारी २:१५

पॅकिंग नव्हे, पाच वर्षांची पुंजी. वरून दिसत नाही. पंख्याची पाती स्वच्छ दिसतात आणि खाली पत्र्यांच्या तोंडावर घोंगडी अंथरलेली असते. दुकानात पुष्कळ वेळा वरून ब्लोअर मारतात आणि घोंगडी तिथेच राहते.

साफ करा आता. गॅलरीत घ्या, घरात नको. रंगकामाचा एक इंची कोरडा, नवा ब्रश घ्या. हातात धरायचा ब्लोअर कोणाकडे मिळाला तर उत्तम. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने किंवा पेन्सिलीने धरून ठेवा. मोकळं सोडलंत तर ते भिंगरीसारखं फिरतं, बेअरिंग जातं, आणि उलटी वीज तयार होऊन बोर्डातही जाऊ शकते. व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डाला लावू नका, त्याच्या प्लॅस्टिकच्या तोंडावर स्थिर वीज साठते. ओलं फडकं तर अजिबात नको. मागच्या जन्मी कोणीतरी कॉलिन मारून आणलेला बोर्ड मी पाहिलाय.

पॉवर सप्लायला फक्त बाहेरून, जाळीतून हवा मारा. त्यातून मेलेली पाल निघाली तर दचकू नका, आपल्याकडे ही नेहमीची गोष्ट आहे.

आणि हो, मागच्या पंख्याची दिशा बघा. ज्या बाजूला आडव्या पट्ट्या आणि मोटरचा स्टिकर दिसतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचा आत ओढणारा हवा, मागचा बाहेर फेकणारा. दोन्ही आत ओढणारे बसवलेले डबे मी डझनभर तरी सरळ केले असतील.

हिशेबनीस | रविवार, संध्याकाळी ६:४०

साफ केलं. पाल नाही, पण एक झुरळ आणि लेकीचं हरवलेलं कानातलं निघालं. ते आत कसं गेलं हे तीही सांगू शकत नाही. पंख्यांच्या दिशा बरोबर आहेत.

खोली ३६. रिकामा ५६. रेंडरला अर्ध्या मिनिटात ९६. तिथेच राहतो. थ्रॉटलिंग अधूनमधून हो.

म्हणजे फरक साठ! काका, हे खरंच बरं झालं म्हणायचं का?

पोहे_जलेबी | रविवार, संध्याकाळी ६:५५

आता तरी लिक्विड? 🙏

जुना_सोल्डरवाला | रविवार, संध्याकाळी ७:३०

नाही. आता एक परीक्षा. रेंडर चालू असताना, सेन्सर ९६ दाखवत असताना, टोपीच्या कडेच्या पत्र्यांना बोट लावा. फक्त पत्र्यांना, पंख्याला नाही. बोटात अंगठी नको, हातात बांगडी नको.

पत्रे चटका देणारे असतील तर उष्णता तिथवर पोचते आहे, हवा कमी पडते आहे. पत्रे कोमट असतील आणि सेन्सर ९६ म्हणत असेल, तर दोघांच्या मध्ये फट आहे. कोमट लागणारे पत्रे बघून लोकांना वाटतं मशीन थंड आहे, सेन्सर खोटं बोलतोय, म्हणजे बोर्ड गेला. मला वाटतं, तुमच्या दुकानदाराचं हेच झालं असावं.

हिशेबनीस | रविवार, संध्याकाळी ७:४५

कोमट! दुधाच्या बाटलीइतके.

जुना_सोल्डरवाला | रविवार, रात्री ८:००

मशीन अलीकडे कुठे हलवलं होतं का?

हिशेबनीस | रविवार, रात्री ८:१२

अहो, मार्चमध्ये आम्ही घर बदललं. लोकमान्यनगरहून सुदामानगरला. फ्रिज-कपाटं टेम्पोत गेली आणि "हे नाजूक आहे" म्हणून कॉम्प्युटर मी ई-रिक्षातून मांडीवर घेऊन आले. वाटेत खोदलेला रस्ता लागला होता. बंद पडायला लागला तो एप्रिलपासून. मी उन्हाळ्याला दोष देत बसले.

रात्रपाळी | रविवार, रात्री ८:१५

काका, पुशपिन.

जुना_सोल्डरवाला | रविवार, रात्री ८:४०

पुशपिनच. इंटेलची प्रोसेसरबरोबर येणारी टोपी चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर उभी असते. खुंटी बोर्डाच्या भोकातून खाली जाते, तिचं टोक दुभंगलेलं असतं, मधून काळी दांडी उतरली की ते फुगतं आणि अडकतं. चारांतली एक जरी सुटली तरी टोपी एका कोपऱ्यात उचलली जाते. डोळ्यांना दिसतही नाही, केसाएवढी फट. पण त्या फटीत हवा, आणि हवेसारखा उष्णतेचा शत्रू नाही. पाच वर्षांत पेस्टही सुकून खडूसारखी झालेली असणार, एका धक्क्याने तिची पकड सुटली.

टोपी हळूच कोपऱ्यांवर दाबून बघा. एक कोपरा डुगडुगेल. डब्याची दुसरी बाजूही उघडा. बोर्डाच्या पाठीमागे पत्र्याला खिडकी असते, तिथून खुंट्यांची चार टोकं दिसतात. तीन सारखी आणि एक आखूड दिसली की चोर सापडला.

नुसती दाबून भागवू नका. एकदा उचकटलेली पेस्ट पुन्हा नीट बसत नाही. टोपी काढा, जुनी पेस्ट पुसा, नवी लावा. पेस्टची छोटी सिरिंज आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये नाहीतर जेल रोडला मिळेल.

काढताना खुंटीच्या डोक्यावर कोरलेला बाण असतो, ती सोडवायची दिशा. स्क्रू-ड्रायव्हरने त्या दिशेला पाव वळसा द्यायचा आणि वर ओढायची. चारही मोकळ्या झाल्या की टोपी डावी-उजवी हलवत सैल करा, एकदम उपटू नका. पंख्याची वायर आधी काढा, आणि ती कुठून काढली त्याचा फोटो घ्या. परत तिथेच, सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच बसली पाहिजे.

पुसायला चष्म्याचं कापड किंवा कॉफी फिल्टर. कापूस नको, धागे राहतात. पेस्ट मधोमध, वाटाण्याएवढी. भाकरीला लोणी लावतात तशी थापायची नाही. पेस्ट फक्त खाचा बुजवायला असते, उष्णता धातूने धातूला द्यायची असते.

बसवताना चारही खुंट्या बाणाच्या उलट दिशेने वळवून मूळ जागी आणा आणि मग कर्णावर दाबा : आधी एक, नंतर तिच्या समोरची तिरकी. प्रत्येकीचा "टक्" आवाज आला पाहिजे. बोर्ड किंचित वाकतो, घाबरू नका. शेवटी पुन्हा पाठीमागच्या खिडकीतून चारही टोकं मोजा.

रात्रपाळी | रविवार, रात्री ९:०५

हे वाचून कोणी एएमडी या दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर असलेल्या मशीनवर हात आजमावणार असेल तर थांबा. तिच्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या खाचेच्या) रायझन प्रोसेसरमध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. सुकलेली पेस्ट टोपीला इतकी चिकटते की सरळ ओढली तर प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, मग बंद करून वायर काढा, आणि टोपी किंचित पिळत सोडवा. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं. पिना सुईने सरळ करण्यात एक अख्खी रात्र गेली.

हिशेबनीस | मंगळवार, रात्री ९:५०

काल दुकानं फिरून सामान आणलं, आज मुहूर्त केला. पेस्ट १८० रुपये, अल्कोहोलची बाटली १२०. ब्रश घरात होता.

डावा वरचा कोपरा डुगडुगत होता. पाठीमागून बघितलं तर तीन टोकं सारखी आणि चौथं आतच. टोपी काढली तेव्हा पेस्टचा अर्धा भाग प्रोसेसरवर, अर्धा टोपीवर, आणि त्या सुटलेल्या कोपऱ्याकडे दोन्हीकडे भुकटी. लेकीने टॉर्च धरला होता, ती म्हणाली, "आई, हे खडूच्या भुग्यासारखं आहे." काकांचा शब्द तिला माहीतही नव्हता.

खुंट्या दाबताना जीव वर आला होता. चौथीचा "टक्" तिसऱ्या खेपेला आला.

खोली ३६. रिकामा ४५. रेंडर लावलं, आणि लगेच ८१! माझा चेहरा पडला. पण अर्ध्या मिनिटाने ७७, मग ७६, आणि अर्धा तास तिथेच. थ्रॉटलिंग नाही. वेग ३.७ च्या आसपास. पण आधी ४.० होता ना? तो कमी का झाला?

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:१०

अभिनंदन ताई! वेग कमी होणं हा दोष नाही. हा प्रोसेसर सुरुवातीचा सुमारे अर्धा मिनिट जास्त वीज घेऊन धावतो आणि मग ६५ वॉटवर स्थिरावतो. ८१ ची उडी आणि नंतरचं ७६ हे त्यामुळेच. आधी तुम्हाला हे दिसलंच नाही, कारण दहा सेकंदांत तो १०० वर पोचत होता.

जुना_सोल्डरवाला | मंगळवार, रात्री १०:३०

फरक ६० होता, आता ४०. बरोबरच्या टोपीला ही उत्तम कामगिरी आहे. बाजूचं झाकण लावून पुन्हा एकदा मोजा. दोन-तीन अंश चढले तर सोडून द्या, दहा चढले तर सांगा.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ७:३०

झाकण लावून ७८. सोडून दिलं.

रात्रभर चार रेंडर झाली. आज सकाळी उठले तर लेक कीबोर्डवर डोकं ठेवून झोपलेली आणि मशीन चालू.

पोहे_जलेबी | बुधवार, सकाळी ८:०५

ताई, तुमच्यामुळे काल मीही लॉग लावून बघितला. माझं "एकदम बर्फ" प्रत्यक्षात ८८ आहे. पंपाच्या फेऱ्या शून्य दाखवतोय. पंपाची वायर निघालीये की पंपच गेलाय?

जुना_सोल्डरवाला | बुधवार, सकाळी ८:२०

नवा धागा काढ. आणि खोलीचं तापमान लिही.

बडोद्याची_सून | शनिवार, दुपारी १२:१५

लॅपटॉप सर्व्हिसला दिला होता. पंखा काढून साफ करा असं स्पष्ट सांगितलं. त्या मुलाने निघालेला थर कागदाच्या पुडीत घालून परत दिला, अंगठ्याएवढा. ९९ टक्के पुन्हा १०० केलंय. चौरंगावर ठेवून वापरते म्हणून सासूबाई विचारतात, पूजा कसली आहे.

हिशेबनीस | पाच आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ५:२०

धागा वर काढतेय, क्षमस्व. सबमिशन वेळेत झालं होतं, ते सांगायचं राहिलं.

कालपासून पाऊस लागलाय. खिडकीतला कूलर झाकून ठेवला. सहज म्हणून आज झाकण उघडून तेच जुनं रेंडर अर्धा तास लावलं. खोली २८, प्रोसेसर ६८.

फरक ४०. खतावणी जुळली.

जुना_सोल्डरवाला | रविवार, संध्याकाळी ५:४०

खस बदलली का?